उपदेशाची सावड

पाली, रविवार, ३ जून १९३४

आजपासून दोन वह्या. एक साहेबांना दाखवायची आणि एक ही.

पहिली हुकमाने आली आहे. आमच्या मिशनचे सुपरिंटेंडेंट रेव्हरंड मानसिंगराव यांनी पुण्याहून परिपत्रक पाठवलं आहे. मथळा, ‘सुवार्ता ताजी ठेवा’. म्हणतात, जग मोटारीतून पुढे गेलं आणि आपले उपदेशक अजून गाढवावरच बसले आहेत. प्रभूही गाढवावरच बसला होता, पण हे साहेबांना लिहिण्यात अर्थ नाही. यापुढे प्रत्येकाने आधुनिक जीवनातले दाखले द्यायचे आणि रोजच्या कामाची दैनंदिनी ठेवायची. नमुना म्हणून कामथडीच्या उपदेशकाचं कौतुक आहे. त्याने ग्रामोफोन आणला आणि त्याच्याकडे साठ माणसं जमतात. कामथडी पडली पुणे-सातारा रस्त्यावर. तिथे छत्र्या दुरुस्त करणारा बसला तरी साठ माणसं जमतात. हेही लिहिण्यात अर्थ नाही.

खरी गोम शेवटच्या ओळीत आहे. पालीचं ठाणं तीन वर्षांत वाढलेलं नाही. साहेब २९ जुलैला स्वतः येऊन पाहणार. मंडळीत जीव दिसला नाही तर ठाणं बंद, आणि मी पुण्याला मिशनच्या कोठीत पुस्तकांचे गठ्ठे बांधायला.

आज उपासनेला नऊ माणसं होती, मी आणि सौदामिनी धरून. ज्ञानू, त्याची बायको, तीन मुलं, सगुणाबाई आणि देऊळराखा सोनबा. सोनबाला ऐकू येत नाही, त्यामुळे तो सर्वांत शांत बसतो. सगुणाबाईला माझे सगळे उपदेश पाठ आहेत. मी वाक्य सुरू केलं की तिचे ओठ माझ्या आधी शेवटाला पोचतात. बाकीचे पेंगतात. मी त्यांना दोष देत नाही. उपदेशक झाल्यापासून नऊ वर्षं, त्यांतली तीन इथे, तेच सांगतो आहे, आणि आज मधेच माझ्या लक्षात आलं की मी स्वतःही ऐकत नव्हतो. याची मला फार भीती वाटली.

रविवार, १० जून

आज मोटारीवर उपदेश. पाच दिवस खपून लिहिला होता. माणसाचं हृदय हे इंजिन, विश्वास हे पेट्रोल, प्रार्थना हे हँडल. हँडल मारल्याचा हावभाव केला तेव्हा ज्ञानूची मुलं पहिल्यांदाच जागी झाली.

दाराशी गेनबा बसला होता. हा शेजारचा शेतकरी, पन्नाशीचा. आमच्या धर्माशी त्याचा काही संबंध नाही, पण आमचा उंबरा कोरडा असतो म्हणून पावसात तो तिथे तंबाखू मळत बसतो. उपदेश संपल्यावर त्याने विचारलं, ‘‘मास्तर, म्या बसलोय मोटारीत. कात्रजच्या घाटात समद्यास्नी खाली उतरवून ढकलाया लावली. तिकीट काढून वर आन ढकलायचीबी आपुनच. तुमच्या हितंबी ढकलावं लागतं का?’’

मी ठामपणे नाही म्हणालो.

घरी आल्यावर सौदामिनी म्हणाली, ‘‘लागतं की. नऊ वर्षं मी ढकलतेच आहे.’’

माझी बायको मिशनच्या शाळेत पहिली यायची. तिच्याशी वाद घालताना हे लक्षात ठेवावं लागतं.

रविवार, १ जुलै

साबणावर एक आणि तारायंत्रावर एक, असे दोन उपदेश मधल्या काळात झाले. मंडळी नऊच. तारायंत्राच्या वेळी आठ, कारण सगुणाबाईला ताप होता. नवे उपदेश तिला पाठ नाहीत, म्हणून तिला आता उपासनेत करमत नाही, असं ती सौदामिनीला म्हणाली. तापाचं खरं कारण तेच असावं.

पुस्तकांचे गठ्ठे बांधायला सुतळी वापरतात की दोरी, याचा विचार काल बराच वेळ करत होतो.

गुरुवार, ५ जुलै

इकडे भातलावणी सुरू झाली. मी नगरकडचा, ज्वारीचा माणूस. गुडघाभर चिखलात माणसं दिवसभर ओणवी का उभी राहतात, हे मला तीन वर्षांत समजलं नाही.

आज सौदामिनी न विचारता ठकुबाईच्या खाचरात गेली. ठकुबाई म्हणजे वरच्या आळीतली म्हातारी, घरचा कारभार तिच्याच हाती. तिची सून बाळंतीण, तरवा काढायला माणूस कमी, म्हणून ही गेली. तरवा म्हणजे भाताची रोपं, ती एका वाफ्यात वाढवतात आणि उपटून खाचरात लावतात. संध्याकाळी परतली ती कमरेपर्यंत चिखलाची. दुपारची भाकरी तिला, विटाळ नको म्हणून, वेगळ्या बांधावर मिळाली, वरून टाकलेली. माणूस ख्रिस्ती झाला तरी बांध तोच राहतो.

उपदेशकाच्या बायकोने असं करावं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘‘तुम्ही रेडिओवर लिहिताय ना? मग घरात तरी मी काय करू, खरखर ऐकत बसू?’’

रविवार, ८ जुलै

 आज सोळा माणसं होती!

उपदेश रेडिओचा. लाटा आकाशातून सर्वत्र जातात, पण ज्याच्या घरी यंत्र आहे त्यालाच ऐकू येतं. मी उभा राहतो तोच ठकुबाई आली, मागोमाग घरच्या पाच बाया आणि शेजारचा भिमा. सगळे ओळीने बसले. एकानेही डुलकी काढली नाही. ठकुबाई अधूनमधून दाराबाहेर ऊन कुठवर आलं ते पाहत होती, पण हलली नाही. शेवटी उठताना मला म्हणाली, ‘‘झालं न्हवं? पार शेवटपत्तुर बसलो बरं का, मास्तर.’’

किती साधी, किती तहानलेली श्रद्धा! रेडिओ पाहिलेला एक माणूस या गावात नाही, तरी दाखला कसा थेट पोचला. साहेबांचं परिपत्रक आज पुन्हा वाचलं. पहिल्या वेळी मी ते पूर्वग्रहाने वाचलं होतं.

सोमवार, १६ जुलै

काल एकतीस! उपदेश विजेच्या दिव्यावर. दोन बायांना भिंतीला टेकायलाही जागा नव्हती. मी भारावून जाऊन पाऊण तासाचा उपदेश सव्वा तास केला. एक माणूस उठला नाही.

सौदामिनी मात्र रोज कोणाच्या ना कोणाच्या खाचरात. तिच्या पायांना चिखल्या झाल्या आहेत, बोटांच्या बेचक्यांतून रक्त येतं. एकीकडे मंडळी वाढत असताना दुसरीकडे तिने असं हिंडणं बरं दिसत नाही, असं मी तिला आज समजावलं. ती नुसती हसली. मी तिच्या पायाला तेल लावून दिलं. बिचारीला माझ्या कामाचं स्वरूप कळत नाही.

साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. एकतीस हा आकडा दोनदा आला आहे.

शनिवार, २१ जुलै

साहेबांचं उत्तर आलं. ‘पाली पद्धत’ असा शब्द त्यांनी वापरला आहे! २९ला येतील तेव्हा पद्धतीचा अभ्यास करून ती सर्व ठाण्यांना कळवणार. कामथडीच्या उपदेशकालाही पाठवणार, शिकायला.

प्रभू मला गर्वापासून राखो. पत्र तीनदाच वाचलं.

रविवार, २२ जुलै

हे पान फाडावं असं वाटतं, पण ही खरी वही आहे.

आज विमान. माणसं अडतीस. मी विमान ढगांच्या वर नेलं होतं आणि खाली पृथ्वी लहान दिसते तसं पाप लहान दिसतं की मोठं, या प्रश्नावर येत होतो. तेवढ्यात गेनबा उठला. आज तो उंबऱ्यावर नव्हता, आत बसला होता, याचाच मला केवढा आनंद झाला होता. टोपी घातली आणि चालू लागला.

मी म्हटलं, ‘‘बसा गेनबा, मुद्दा अजून यायचाय.’’

‘‘तुमचा येऊ द्या सावकास. आमचं झालं.’’

‘‘काय झालं?’’

‘‘बाईंनी आमच्यात सकाळधरनं दुपारपत्तुर तरवा काढला. अर्ध्या दिसाची सावड, अर्धा उपदेस. वावगं न्हाई ना?’’

ठकुबाई मागून ओरडली, ‘‘बस की रं गेन्या! बाई काय घड्याळ लावून वाकल्या व्हत्या?’’

‘‘तू दोन दिस घेतलेस, तू बस,’’ गेनबा म्हणाला आणि गेला.

सावड ही इकडची लावणीची रीत. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या तुझ्यासकट सगळ्यांनी माझ्या खाचरात. मजुरी नाही, हाताला हात. हे मला माहीत होतं. मी त्या हातांतला एक आहे, एवढंच माहीत नव्हतं.

विमान ढगातच राहिलं. ‘आमेन’ म्हणून मी खाली बसलो.

घरी सौदामिनीला विचारलं. तिने लपवलं नाही. ‘‘ठकुबाई म्हणाली, तुमची सावड फेडू कशी, तुमास्नी तर शेत न्हाई. मी म्हटलं, आमच्याकडे लावायला शेत नाही, ऐकायला उपदेश आहे. या, तेवढीच आमच्या माणसाला सोबत. ती म्हणाली, बसायचं तरी किती येळ? मी म्हटलं, ते दमेपर्यंत.’’

‘‘आणि तू मला सांगितलं नाहीस?’’

‘‘तुम्ही इतके खुशीत होता,’’ ती म्हणाली. ‘‘नऊ वर्षांत असे पाहिले नव्हते.’’

यावर मला राग आला पाहिजे होता. आला नाही, आणि त्याचाच राग आला.

मंगळवार, २४ जुलै

दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी आज चावडीपुढे उभा राहून सांगून टाकलं. कोणीही माझं देणं लागत नाही. देवाची कृपा फुकट आहे, ती सावडीत मिळत नाही. यायचं तर मनापासून या.

भिमाने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, ‘‘मनापासून यायाला आता लावणीत येळ कुठंय, मास्तर? दिवाळीनंतर बगू.’’

सौदामिनीला खाचरात जायची बंदी केली. ती म्हणाली, बरं. मग धुणं घेऊन ओढ्यावर गेली आणि तिथून थेट ठकुबाईच्या शेजारणीच्या, सखूबाईच्या खाचरात. धुणं सोनबाने आणून दिलं.

साहेबांना खरं काय ते कळवायला पत्र लिहायला घेतलं. ‘एकतीस या आकड्याबाबत खुलासा’ इथवर आलं. टपाल आता शुक्रवारी जाईल. तोवर सुचेल.

शुक्रवार, २७ जुलै

टपाल गेलं. पत्र वहीतच आहे. मी खोटं बोललो नाही, पण खरं सांगायला पाय उचलत नाही. रविवारी साहेब येणार, नऊ माणसं दिसणार, त्यांतली चार झोपलेली. पालीची पद्धत.

सगुणाबाईला हे कसं सांगू कळेना. ठाणं उठलं तर तिला शास्त्र वाचून दाखवणारं कोणी उरत नाही. मी तिला तेवढंच बोललो. म्हातारी म्हणाली, ‘‘मला पाठ हाय. तुमचं काय हुईल?’’

शनिवार, २८ जुलै

पाऊस थांबला होता म्हणून उपदेश जुळवत गावामागच्या गडाच्या वाटेने फिरायला गेलो. गावाच्या वरच्या अंगाला बनाबाईचं खाचर आहे. सगळा डोंगरउतार लावून हिरवा झालेला, हे एकच रिकामं, नुसतं पाणी साचलेलं. कडेला तरवा गुडघ्याएवढा वाढून पिवळा पडलेला. बनाबाई बांधावर बसून त्याच्याकडे पाहत होती. तिचा नवरा फाल्गुनात वारला.

मी म्हटलं, ‘‘अजून लावणी नाही झाली?’’

‘‘न्हाई.’’

‘‘कोणी येत नाही?’’

‘‘कुनी न्हाई म्हनत न्हाई, मास्तर. म्याच बोलवलं न्हाई.’’ तिने उजवा हात पुढे केला. माघात ती वैरणीच्या माचावरून पडली होती. हाड वाकडं जुळलं, कोपर उघडत नाही. ‘‘ह्या हातानं म्या कुनाच्यात गेले न्हाई. मग कुनाला म्हनू माज्यात या? फेडू कशी?’’

‘‘मग तरव्याचं काय करणार?’’

‘‘दोन दिसांनी गुरास्नी घालायचा.’’

मी पुढे निघालो. उद्याच्या उपदेशाचे तीन मुद्दे मनात होते आणि तिसरा जुळत नव्हता. दहा पावलं गेलो आणि मला माझीच लाज वाटली. गेल्या मंगळवारी चावडीपुढे उभा राहून कृपा फुकट असते असं ओरडलो होतो. तेव्हा बनाबाई मागे उभी होती, हे आत्ता आठवलं. तिने ऐकलं असेल आणि घरी गेली असेल.

तसाच भिमाकडे गेलो. चिखलणीला, म्हणजे खाचराचा चिखल करायला, बैल मागितले. तो म्हणाला, ‘‘उद्या घ्या.’’

‘‘उद्या रविवार. आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. त्यातून आमचे साहेब येणार. सोमवारी द्या.’’

‘‘सोमवारी न्हाई. सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत न्हाई आमी. महादेवाचा वार. त्यास्नीबी इसावा लागतो की.’’

‘‘मंगळवारी?’’

‘‘मंगळवारी माज्या मेव्हण्याच्या गावाला सावड. त्यो चार दिस सोडायचा न्हाई. उद्या न्हाईतर तरवा गुरास्नी.’’

म्हणजे या गावात बैलांचा रविवार सोमवारी येतो आणि माझा रविवार रविवारी, आणि या दोघांच्या मधे बनाबाईचं खाचर. खड्ड्यात पडलेला बैल शब्बाथाच्या दिवशी वर काढण्याची सोय शास्त्रात आहे. इथे बैल ठणठणीत होते, खड्ड्यात मीच होतो.

‘‘उद्या घेतो,’’ मी म्हणालो. भिमाने माझ्याकडे टक लावून पाहिलं.

घरी सौदामिनीला सांगितलं. तिने माझं जुनं धोतर शोधून काढून खुंटीला लावलं.

रविवार, २९ जुलै

कमर मोडली आहे. चटईवर पालथा पडून लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर दोष कमरेचा.

पहाटे उपासनामंदिरात फक्त प्रार्थना केली. साहेब आले तर बसवून घ्यायला सोनबाला तिथे ठेवलं आणि आम्ही बनाबाईच्या खाचरात. भिमाने बैल घातले आणि चिखलणी करून दिली. मी, सौदामिनी, ज्ञानू, त्याची बायको आणि सगुणाबाई. म्हातारीला बांधावर बसून जुड्या बांध म्हटलं तर ऐकेना.

बनाबाई धावत आली. ‘‘मास्तर, हे काय? म्या बोलवलं न्हाई. म्या फेडनार कशी?’’

‘‘फेडायचं नाही,’’ मी म्हणालो आणि खाचरात पाय टाकला. पाय गेला तो परत येईना. दुसरा टाकला, तोही गेला. मग मी बसलो. बसायचं मनात नव्हतं.

ते हसणं खालच्या आळीपर्यंत गेलं असणार, कारण थोड्याच वेळात बांधावर माणसं दिसू लागली. पाद्री मास्तर रविवारचे चिखलात, हे ग्रामोफोनपेक्षा मोठं निघालं. मी दात-ओठ खाऊन रोपं खोचत होतो. गेनबा बांधावर उकिडवा बसून बघत होता. पाच मिनिटं बसला, दहा मिनिटं बसला. मग त्याला राहवेना.

‘‘मास्तर, तरवा लावताय का पुरताय? मुंडी तरी वर राहू द्या की त्याची! आन ही वळ हाय का नागमोडी वाट?’’

‘‘येत नाही मला.’’

‘‘ते दिसतंय.’’ त्याने धोतर खोचलं. ‘‘सरका. बगवत न्हाई मला.’’

गेनबा उतरला. माझी ओळ उपटून पुन्हा लावू लागला. ते पाहून ठकुबाई आली, आधी गेनबाची ओळ वाकडी आहे हे सांगायला आणि मग सरळ कशी असते ते दाखवायला. तिच्यामागे सखूबाई. पुढचं मी मोजलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. कोणाला कळवळा आला म्हणून कोणी आलं, असं मला म्हणता येत नाही. वाईट लावलेलं भात त्यांना पाहवत नव्हतं, एवढंच.

दहाच्या सुमाराला बांधावर काळी छत्री दिसली. साहेब! गाडी ओढ्यापाशी अडली म्हणून पुढे चालत आले होते. पांढरा ड्रिलचा कोट, पोटऱ्यांपर्यंत बूट. मंदिरात त्यांना फक्त सोनबा सापडला आणि त्याने बोट दाखवलं होतं.

‘‘केशवराव,’’ ते म्हणाले, ‘‘आज रविवार आहे.’’

मी उभा राहायला गेलो आणि पुन्हा बसलो. बसल्याबसल्याच सगळं सांगून टाकलं. एकतीस माणसं माझ्या विजेच्या दिव्याला आली नव्हती, माझ्या बायकोच्या हातांना आली होती. पद्धत वगैरे काही नाही. पत्र खरं नव्हतं. आणि आज शब्बाथ मोडतो आहे, कारण सोमवार बैलांचा आहे.

साहेब काही बोलण्याच्या आत ठकुबाईने तरव्याची एक जुडी थेट त्यांच्या पायाशी फेकली. लावणीत बांधावर कोणी रिकामं उभं राहू नये, ही इथली रीत. साहेब आहे की पाटील आहे ते रीत पाहत नाही. ‘‘उतरा पावनं, नुसतं बगायचं नसतंय!’’

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब बूट काढत होते. कोट छत्रीवर टांगला, धोतराचा काचा मारला आणि खाचरात असे उतरले की पाण्याचा आवाजही झाला नाही. एका हातात जुडी, दुसऱ्याचा अंगठा चालू. मागे सरकत दोरी धरल्यासारखी सरळ ओळ लावली. सगळे थांबून बघत राहिले.

‘‘कुठलं हो गाव तुमचं?’’ ठकुबाईने विचारलं.

‘‘मावळात,’’ साहेब म्हणाले. ‘‘वीस वर्षं झाली. विसरलो असेन असं वाटलं होतं.’’ त्यांचा आवाज परिपत्रकातल्यापेक्षा वेगळा होता.

दुपारी लावणी संपली. बनाबाईने नाचणीची आंबील केली होती. एका हाताने भांडं उचलून वरून ओतणं तिला जमेना, म्हणून तिने मडकं मधे ठेवलं आणि म्हणाली, ‘‘ज्याचं त्यानं बुडवून घ्या.’’ सगळे थबकले. दोघे उठून लांबच्या बांधावर गेले. मग ठकुबाईने आपला वाडगा बुडवला आणि त्यानंतर सौदामिनीच्या हातातला ओढून घेऊन तोही बुडवून दिला. आंबील जरा खारट होती.

गेनबा तंबाखू मळत माझ्याशेजारी बसला. ‘‘मास्तर, एक सांगा. बनाबाईकडनं ह्याची फेड कशी घेनार?’’

‘‘घेणार नाही.’’

‘‘तिच्यानं हुनारबी न्हाई. मग ही कसली सावड?’’

‘‘एकाच बाजूची,’’ मी म्हणालो. ‘‘आमच्या प्रभूने आमची अशीच केली. फेडणं आमच्याकडून होणारच नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी उतरला.’’

गेनबाचा हात तंबाखूवर थांबला.  मग एकदम माझ्यावर उखडला.

‘‘आन हे आधी का न्हाई सांगितलं? दोन म्हैने मोटारीचंच सांगत बसला!’’

साहेबांना ठसका लागला. आंबिलीचा होता की कसला, मला सांगता येत नाही.

संध्याकाळी निघताना त्यांनी ठाण्याची वही मागितली. हजेरीच्या रकान्यापाशी थांबून विचारलं, ‘‘किती लिहू?’’ मी म्हटलं, मोजली नाहीत. त्यांनी लिहिलं, ‘झोपलेले कोणी नाही.’ पुढे, ‘ठाणे चालू ठेवावे.’  गाडीत बसताना म्हणाले, ‘‘परिपत्रकात दुरुस्ती करावी लागेल. तोवर तुमची मोटार बंदच असू द्या.’’

शनिवार, ४ ऑगस्ट

उद्यासाठी सावडीवर उपदेश लिहिला. अप्रतिम झाला आहे. चौदा पानं, पाच मुद्दे, शेवटी मूळ ग्रीक शब्दाचा विचार.

सौदामिनीला वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर तिने विचारलं, ‘‘गेनबाला काय म्हणाला होता तुम्ही?’’ मी सांगितलं. ‘‘किती वाक्यं होती ती?’’

‘‘चार.’’

‘‘मग ही बाकीची कोणासाठी?’’

रात्री तेरा पानं काढली. ग्रीक शब्दाचं मला फार वाईट वाटलं.

रविवार, ५ ऑगस्ट

मंडळी बारा. नेहमीचे नऊ, शिवाय बनाबाई, ठकुबाई आणि गेनबा.

बनाबाईला मी दारातच म्हटलं, त्या दिवसासाठी आला असाल तर बसायची गरज नाही. ती म्हणाली, ‘‘त्याच्यासाठी न्हाई आले,’’ आणि सगुणाबाईला लागून बसली.

मी उभा राहिलो. एका पानावरचं सांगितलं. सगुणाबाईचे ओठ हलत नव्हते, ती ऐकत होती. पाचेक मिनिटांत पान संपलं. हात रिकामे झाले आणि मला उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. खाली बसलो.

गेनबाने टोपी हातात घेतली. जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. त्याच्याकडे सावडीचं देणं नव्हतं, बाहेर पाऊसही नव्हता.

‘‘झालं?’’ त्याने विचारलं.

‘‘झालं.’’

त्याने टोपी पुन्हा मांडीवर ठेवली.

‘‘आज आमी कुनाचं कायबी लागत न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘अजून थोडं सांगा की.’’